हावोदचं गाणं

हावोदच्या धुराड्यातून धूर निघताना टेगविनने त्या दिवशी सकाळीच पाहिला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तो स्वतःच्या मनाशी ‘मला काय माहीत, मला काय माहीत’ असं पुष्कळ घोकत बसला. माहीत होतं त्याला. मेंढ्यांना वैरण टाकून तो कुंपणाशी उभा होता, थंडीने नाक गळत होतं, आणि खालच्या अंगाला हावोदच्या छपरावर चांगला जाड धूर दिसत होता. हावोदचा म्हातारा गोमर छातीच्या दुखण्याने हिवाळ्याच्या तोंडाशीच लिव्हरपूलला मुलीकडे गेलेला. घराला कुलूप. मग धूर कुठला?

‘मुलगी आली असेल घर उघडायला,’ टेगविनने स्वतःच उत्तर दिलं. ‘बंद घर ओल धरतं.’ कुत्र्याला शीळ घातली आणि वर चालू लागला. खाली उतरून दार वाजवायला असा कितीसा वेळ लागला असता? पण गेला असता तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर उत्तरही ऐकावं लागलं असतं.

कारण संध्याकाळी प्लगाइन होता.

लानहेलिगच्या चर्चमध्ये जानेवारीतल्या त्या रविवारी ऑर्गन वाजत नाही, कुणी नावं पुकारत नाही. पाद्री एवढंच म्हणतो की प्लगाइन आता खुला आहे, आणि गप खाली बसतो. मग ज्याच्या मनाला येईल त्या घरची माणसं उठून पुढे जातात, म्होरक्या सूर धरायला नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरतो, आणि घरचं नाताळचं गाणं म्हणून परत येतात. टाळ्या नाहीत, वाहवा नाही. सगळ्या घरांची एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. एकदा म्हटलेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा कुणी म्हणायचं नाही, हा नियम. आणि ज्या घरचं गाणं ते त्याच घरचं, हे तर नियम म्हणूनही कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याला आपण हाक मारून जेवायला घालत नाही, तसंच ते.

हावोदचं गाणं खोऱ्यात सगळ्यांत देखणं. गोमर आणि त्याचे दोन भाऊ ते म्हणायचे. गोमरची चाल वर तरंगायची, मधला भाऊ तिला हात द्यायचा, आणि धाकटा खालून असा खर्ज लावायचा की बाकाच्या फळीत थरथर जाणवायची. मधला गेला, मग धाकटाही गेला. त्यानंतर दोन वर्षं गोमर नुसता मागच्या बाकावर बसला, टोपी मांडीवर घेऊन.

आणि पांडीचं, म्हणजे टेगविनच्या घरचं गाणं? त्याच्या वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं. लांबलचक, संथ, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर काठी टेकत जाणारी चाल. आदामापासून निघायचं ते थेट कबरीपर्यंत. पोस्टातली कैनवेन एकदा चारचौघांत म्हणाली होती, “पांडीवाले उठले की मी निवांत बसते बाई. आदाम फळ खातो तोवर माझे पाय बधिर होतात, आणि येशू जन्मतो तोवर मी आठवड्याचा बाजार मनात करून टाकते.” सगळे हसले. टेगविनही हसला. पण ते त्याच्या मनाला लागलं ते लागलंच.

त्यात यंदा कार्डिफहून रेडिओवाले येणार अशी बातमी आली. झालं, टेगविनच्या डोक्यात किडा शिरला. पांडीत ते तिघं गायचे: तो, मुलगी मेरेरिड आणि जावई हेविन. पहिल्या फेरीला हावोदचं गाणं घ्यायचं आणि दुसऱ्या फेरीला वडिलांचं, असं त्याने जाहीर केलं तेव्हा मेरेरिडने कणीक मळता मळता हात थांबवला.

“बाबा, ते हावोदचं आहे.”

“मला काय सांगतेस? लहानपणापासून ऐकतोय.”

“ऐकताय म्हणून आपलं झालं होय?”

“अगं, गोमरकाका दोन वर्षं म्हणत नाहीत. आता तर इथं नाहीतच. एवढं चांगलं गाणं, कुजू द्यायचं का?”

“मग फोन करून विचारा. नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, चष्मा लावा.”

“विचारीन की.”

चार दिवसांनी तिने पुन्हा टोकलं. “विचारलंत?”

“विचारलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, म्हणा.”

इतकं सरळ, इतकं सहज. चहात साखर घालता घालता तो हे बोलला. मेरेरिडचा चेहरा खुलला. “किती मोठं मन!” ती म्हणाली. “मी त्यांना भेटल्यावर आभार मानीन हं.” त्यावर टेगविन मेंढ्या बघून येतो म्हणून उठला. मेंढ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी चर्च भरलं. मेणबत्त्या, ओल्या लोकरीचा वास, प्रत्येकाच्या तोंडातून वाफ. रेडिओवाली एक तरुण बाई खांबाशी मायक्रोफोन लावून बसली होती. सुरू व्हायच्या आधी टेगविन तिच्याशीच बोलत उभा होता, नादकाट्याची गोष्ट रंगवून सांगत होता. दाराकडे त्याची पाठ होती.

पाद्री खाली बसला. पहिलं घर उठलं, दुसरं उठलं, मग पांडी. टेगविनने काटा गुडघ्यावर आपटला, सूर गुणगुणून दोघांना दिला, आणि गाणं सुरू झालं. मेरेरिडकडे चाल होती, हेविनकडे मधला आवाज, खर्ज टेगविनचा. आणि काय सांगावं, जमलं! कधी नव्हे ते तिघांचे आवाज एकमेकांत असे मिसळले की खुद्द टेगविनच्या अंगावर काटा आला. कैनवेन मान वर करून ऐकत होती. ‘घे,’ तो मनात म्हणाला, ‘कर आता बाजार.’

तिसऱ्या कडव्यात त्याची नजर मागे गेली.

दाराजवळच्या शेवटच्या बाकावर गोमर बसला होता. वाळून अर्धा झालेला, गळ्याभोवती मफलर, टोपी मांडीवर. शेजारी तिशीची एक बाई, हावोदचंच नाक, हावोदचीच हनुवटी. तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. शब्दन् शब्द येत होता तिला. मग ते हलायचे थांबले आणि तिने गोंधळून म्हाताऱ्याकडे पाहिलं. गोमरने तिच्या हातावर हात ठेवला.

टेगविन गात राहिला. थांबता आलं असतं. खोकला आला म्हणून थांबता आलं असतं, शब्द विसरलो म्हणून थांबता आलं असतं. लोकांनी चार दिवस चेष्टा केली असती आणि अर्धं गाणं तरी म्हाताऱ्याला उरलं असतं. पण तो शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिला, आणि लाज अशी की आवाज कुठेही फाटला नाही.

जागेवर येऊन बसताना मेरेरिडला गोमर दिसला. ती एकदम उजळली, बाकावरून मागे वळून हसली, छातीवर हात ठेवून मान लववली. आभार मानण्याची तिची तऱ्हा. गोमर तिच्याकडे पाहत राहिला. त्याला तिचे आभार कशाचे हे कळत नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मेरेरिडचं हसू हळूहळू मावळलं.

“बाबा,” ती पुढे तोंड करून, ओठ न हलवता म्हणाली, “तुम्ही विचारलं होतं ना?”

टेगविनने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

“बाबा.”

“गप. चालू आहे.”

एकेक घर उठत गेलं, बसत गेलं. पहिली फेरी संपली. आता कुणी उरलं नव्हतं, आणि कोण उरलंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीही मागे वळून पाहिलं नाही. आमच्या खोऱ्यात माणसं अशा वेळी छताकडे बघतात. पाद्र्याने एकदा शेवटच्या बाकाकडे नजर टाकली आणि खाली घातली. त्या शांततेत गोमरशेजारच्या बाईचा आवाज सगळ्या चर्चभर गेला. ती कुजबुजतच होती, पण लिव्हरपूलमध्ये वाढलेल्या माणसाला आमच्या चर्चची भिंत किती चहाडखोर आहे ते कसं कळणार?

“आजोबा, आता आपण?”

“नाही पोरी.”

“का? मला पाठ आहे सगळं.”

“झालं ते म्हणून.”

“मग दुसरं?”

“तुला दुसरं येतं का?”

तिने मान हलवली. टेगविनला कानशिलं तापल्याचं जाणवलं. चर्चमध्ये हाडं गोठवणारी थंडी होती आणि त्याच्या मानेवरून घाम उतरत होता. सकाळचा धूर त्याला आठवला. किती जाड होता! ओल घालवायला कुणी इतका जाळ करत नाही. म्हाताऱ्या माणसाची छाती शेकायला करतात.

दुसरी फेरी सुरू झाली. पहिलं घर. दुसरं घर. ते परत येऊन बसले आणि पाळी पांडीची आली.

टेगविन उठला नाही. हेविनने कोपर मारलं. “मामा, चला ना.” त्या बिचाऱ्याला काहीच पत्ता नव्हता. मेरेरिड समोर बघत बसली होती. “तुम्ही उठा,” ती म्हणाली, “मग मी उठते.” आणि तिचा आवाज असा होता की त्यापेक्षा तिने चारचौघांत थोबाडीत दिली असती तर टेगविनला चाललं असतं. पाळी पांडीची, म्हणून दुसरं कुणी उठेना. खोकले सुरू झाले. रेडिओवाली बाई आपल्या यंत्राकडे बघायला लागली.

मग मागून काठीचा आवाज आला. ठक, ठक, मधल्या वाटेवरून पुढे.

गोमर एकटाच पुढे जाऊन उभा राहिला. नादकाटा नव्हता, त्याने नुसतं डोळे मिटून सूर शोधला आणि सुरू केलं. चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या माना एकदम वर झाल्या. तो पांडीचं गाणं म्हणत होता. टेगविनच्या वडिलांचं. आदामाचं.

आवाज फुटका होता, दम पुरत नव्हता, प्रत्येक ओळीनंतर छाती घरघरत होती. पण शब्द एक चुकला नाही. जन्मभर त्याच बाकावरून त्याने तेही ऐकलं होतं, आणि नुसतं ऐकलं होतं, घेतलं नव्हतं. आज पांडीवाल्याची पाळी रिकामी जाऊ नये म्हणून तो ते म्हणत होता. टेगविनची अब्रू झाकायला! कुणाची, तर टेगविनची!

पहिलं कडवं संपलं तशी मेरेरिड उठली. पुढे जाऊन गोमरच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि चाल उचलली, म्हणजे म्हाताऱ्याला जरा श्वास मिळाला. मग हेविन गेला. गोमर काठीसकट अर्धं पाऊल सरकला आणि उजव्या हाताला जागा झाली. खर्जवाल्याची जागा. प्रत्येक कडव्यानंतर तो तिथे नजर टाकायचा, टेगविनच्या तोंडाकडे नाही, नुसती त्या जागेकडे, आणि पुढचं कडवं सुरू करायचा.

टेगविनला आतून हुंदका आल्यासारखा खर्ज येत होता. वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तो शिकवायचे, गोठ्यात, दूध काढताना. ओठांपर्यंत आला सूर. पण उठलं असतं तर सगळ्यांना तोंड दिसलं असतं. तो बसून राहिला. आदामाने फळ खाल्लं, संदेष्टे आले, बाळ जन्मलं, क्रूस उभा राहिला, कबर उघडली. ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, आणि खर्ज नसला की पांडीचं गाणं किती उघडं पडतं ते टेगविनने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कैनवेन रुमालात तोंड खुपसून बसली होती. बाजार तिला आठवला नसावा.

सगळ्यांत शेवटी गावातले सगळे पुरुष मिळून एक गाणं म्हणतात आणि मग जेवायला जातात. टेगविन त्यात उभा राहिला, कारण न राहण्याचं कारण सांगावं लागलं असतं. तोंड उघडलं, मिटलं. आवाज शेजारच्यांचा होता.

हॉलमध्ये थंड हॅम, लोणच्यातले कांदे, मनुकांचा ब्रेड, किटलीवर किटली चहा. टेगविन कोट न काढताच भिंतीशी उभा होता. रेडिओवाली बाई त्याला शोधत आली. खूश होती ती.

“तुमचं पहिलं गाणं! अहो, काय सुंदर! ते आम्ही नक्की घेणार. पांडीच्या घराण्याचं ना ते?”

टेबलाशी हावोदचा म्हातारा बसला होता, पुढ्यात हॅमची बशी तशीच. त्याच्या मागे मेरेरिड किटली घेऊन उभी. दोघांनाही ऐकू येत होतं.

“नाही,” टेगविन म्हणाला. “हावोदचं.”

“अच्छा! म्हणजे त्यांनी तुम्हाला दिलं?”

टेगविनने तोंड उघडलं. सांगायचं होतं त्याला, खरंच. ‘नाही, मी घेतलं’ एवढेच तीन शब्द. आणि बाई वाट बघत होती.

“हो,” गोमर टेबलाशी बसूनच म्हणाला. “मीच दिलं.”

मेरेरिडच्या हातातली किटली कपावर टेकली आणि चहा बशीत सांडला. बाई आनंदाने काहीतरी लिहून घेऊन पुढे गेली. टेगविन टेबलाशी गेला. जाणं भाग होतं.

“गोमरकाका...”

“राहू दे. आत्ता बोलू नकोस.” गोमरने हॅमचा तुकडा काट्याने इकडचा तिकडे केला. “जन्मात प्लगाइनच्या दिवशी खोटं बोललो नव्हतो मी. आज बोललो. तेवढं ध्यानात ठेव.”

कोट घ्यायला दाराशी गर्दी झाली तेव्हा ती बाई टेगविनपाशी आली. नेस्ट, गोमरची नात. भाषा तिची अडखळत, एकेक शब्द तपासून टाकणारी.

“तुम्ही टेगविन ना? पांडीचे? तुम्ही फार चांगलं म्हटलं. मी ते फक्त आजोबांकडून ऐकलं होतं. रात्रीची माझी ड्यूटी संपली की त्यांच्या खाटेशी बसून शिकायचे. आईला येत नाही. मला हे एकच येतं.” ती ओशाळून हसली. “तुम्हाला गाणं दिलं हे आजोबा मला बोललेच नाहीत. विसरले असतील. आजारपणात विसरतात.”

“विसरले असतील,” टेगविन म्हणाला.

“पण मग मला गंमत वाटते. कारण ते म्हणत होते, आपण दोघं आहोत, पण खालचा सूर कोण लावणार? मी म्हटलं, कोण? तर म्हणाले, टेगविन आहे की. मी म्हटलं, त्यांना येतं का? तर हसले. म्हणाले, आम्ही तिघं भाऊ पुढे गायचो ना, तेव्हा तिसऱ्या बाकावर एक पोरगा बसायचा, त्याचे ओठ आमच्याबरोबर हलायचे. तो मोठा झाला तरी हलायचे. मी इतकी वर्षं बघतोय, म्हणाले. त्याला नुसती हाक मारली तरी येईल.” नेस्टने मफलर गुंडाळला. “म्हणून तर आज आम्ही लवकर आलो. तुम्हालाच विचारायला. पण तुम्ही त्या रेडिओच्या बाईंशी बोलत होतात. आजोबा म्हणाले, असू दे, बोलू दे त्याला, आपण गायला उठलो की खूण करीन.”

टेगविनने कोटाची बटणं लावली. नेस्ट त्याच्याकडे मोकळ्या डोळ्यांनी बघत होती, आणि तिच्या मागे मेरेरिड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“पुढच्या वर्षी उभे राहाल ना आमच्याबरोबर?” नेस्टने विचारलं.

पुढच्या वर्षी! म्हातारा तिच्या खांद्याचा आधार घेत येत होता आणि दोन पावलं टाकून थांबत होता. छातीची घरघर इथपर्यंत ऐकू येत होती.

“टेगविन,” गोमर म्हणाला, “दार धर रे जरा. वारा फार आहे.”

टेगविनने दार धरलं. दोघं बाहेर पडली, हळूहळू, गाडीपर्यंत. गाडीचे दिवे लागले, वळले, हावोदच्या रस्त्याला लागले. मेरेरिड बापाच्या शेजारून निघून गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, नुसती वाट काढली. आणखी कुणी जायचं नव्हतं, तरी तो दार धरून उभाच होता.

“पांडी!” आतून कैनवेन ओरडली. “दार लाव की रे बाबा, गारठलो आम्ही सगळे!”